आमच्या डिक्शनरीतलं पेद्रूबाव

'पेद्रूबाव' हा शब्द मी मंगळवारी लाल पेनाने काटला. गुरुवारी सकाळी आग्नेसबाई तोच शब्द तोंडात घेऊन आमच्या ऑफिसात आल्या.

मी वसईत एका वकिलांच्या ऑफिसात काम करते. पंचवीस वर्षं होत आली. टायपिस्ट म्हणून लागले. आता टायपिंग, फायली, पक्षकारांच्या तारखा आणि प्रिंटरचा रुसवा असं सगळं माझ्याकडे आहे. साहेब सत्तरीला टेकलेत. त्यांची मुलगी रेवा गेल्या वर्षी वकील होऊन ऑफिसात रुजू झाली. तिला मी शाळेच्या गणवेशात पाहिलंय, त्यामुळे चारचौघांत 'मॅडम' आणि एरवी 'रेवा' असा आमचा करार आहे. ती मात्र मला 'ताई' म्हणते आणि वडलांना 'साहेब'.

आधी तो शब्द का काटला ते सांगते.

आमचे बरेचसे कागद इंग्रजीत असतात. कॉम्प्युटरला इंग्रजी येतं, पण वसई येत नाही. गावांची नावं, आडनावं, शेतांची नावं, विहिरींची नावं इंग्रजी अक्षरांत टाईप केली की त्यांच्याखाली लगेच लाल नागमोडी रेघ येते. म्हणजे कॉम्प्युटर सांगतो, हा शब्द मला माहीत नाही, बहुतेक तुमचं चुकलंय. त्यावर राईट क्लिक करून 'Add to Dictionary' दाबलं की तो शब्द एका यादीत जातो आणि पुन्हा कधी रेघ येत नाही. या यादीला कस्टम डिक्शनरी म्हणतात. तिच्यात अर्थ नसतात, तारखा नसतात. नुसते शब्द, एकाखाली एक. आमच्या यादीत तीन हजारांच्या आसपास होते.

सोय चांगली आहे, पण तिला एक खोट आहे. घाईत एखादा खरोखरच चुकलेला शब्द add झाला, तर कॉम्प्युटर त्यावरही कायमचा गप्प बसतो. रेवानेच ते पकडलं. एका साठेखतात 'agreement' तीन ठिकाणी चुकलेलं आणि रेघ एकाही ठिकाणी नाही.

"ताई, ही यादी कचरा झालीय," ती म्हणाली. "नवीन कॉम्प्युटर येतायत. त्यावर ही टाकायचीच नाही. कोरी सुरुवात करू."

"आणि मग प्रत्येक घोन्साल्विसखाली पहिल्यापासून रेघा?"

"मग साफ तरी करा."

साफ करायला माझी ना नव्हती. यादी छापून काढली. स्क्रीनवर मी काहीही पुसत नाही, आधी कागद. एक दिवस साहेब, रेवा आणि मी बसलो. मी शब्द वाचायचा, तिघांपैकी कोणी ओळखला तर टिक, नाही ओळखला तर काट. नियम रेवाचा होता आणि तो मला पटला, कारण त्याने काम भराभर होत होतं. 'पेद्रूबाव' आला तेव्हा साहेब म्हणाले, "कोणाचं आडनाव असेल." रेवा म्हणाली, "असं आडनाव असतं का?" मी लाल रेघ मारली आणि पुढे गेले. असे दोनशेच्या वर शब्द आम्ही त्या दिवशी काटले. संध्याकाळी मी ते यादीतून काढले, यादी नवीन कॉम्प्युटरवर चढवली आणि हात झटकले.

गुरुवारी साहेब कोर्टात होते. आग्नेसबाई आल्या त्या साठीच्या, हातात मोगऱ्याच्या कळ्यांची पुडी, जी त्यांनी न विचारता माझ्या टेबलावर ठेवली. मागे तिशीचा एक माणूस, फोनमध्ये डोकं घातलेला.

"कागद पाहिजे," त्या म्हणाल्या. "सासरे गेल्यावर दोघा भावांनी केला होता. माझा नवरा आणि धाकटा दीर. तुमच्याकडेच टाईप केलेला."

"कधी?"

"ग्लेनच्या कम्युनियनच्या वर्षी."

"ग्लेन कोण?"

"मी," मागचा माणूस फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

कम्युनियन म्हणजे मुलं आठ-नऊ वर्षांची झाली की चर्चमध्ये होणारा विधी. मी दोघांना बसवलं. गोष्ट अशी होती. भुईगावात त्यांची वाडी. केळी, मोगरा, थोडी भाजी. दोन भावांची दोन घरं आणि मध्ये बावखल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीत खोल खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इतका जवळ असताना विहीर गोड राहणं ही साधी गोष्ट नाही. बावखल बुजवलं की दोन-चार वर्षांत विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि मोगरा आधी मरतो. हे आग्नेसबाईंनी सांगितलं. त्यांचं घर त्या मोगऱ्यावर चालतं.

दोघे भाऊ आता हयात नाहीत. ग्लेन हा धाकट्या भावाचा मुलगा. वाटणीत बावखल त्याच्या बाजूला आलं आणि सातबाऱ्यावर तसंच लागलं. त्याला दोन मुली, नालासोपाऱ्यातला फ्लॅट पुरत नाही, म्हणून गावात घर बांधायचंय. रस्त्याकडची जागा म्हणजे नेमकं बावखल. शनिवारी मातीचे डंपर यायचे ठरले होते.

"मी काकीला कालच बोललो," ग्लेन म्हणाला. "पेपर दाखव. डॅडीने साइन केलेला दाखव, मी एक शब्द बोलणार नाही. पेपरच नाही तर मी काय करू? नुसते मच्छर आहेत त्यात."

"मच्छर तुझ्या डोक्यात आहेत," आग्नेसबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाने शब्द दिला होता, बुजवणार नाही म्हणून."

"मला नाही दिला."

आणि एवढं असून ती दोघं एकाच स्कूटरवरून आली होती. काकीला बस मिळेना, म्हणून तोच घेऊन आला होता.

"घरात शोधलंत?" मी विचारलं.

"कपाट, पेटी, देवघरामागे, गादीखाली. नवऱ्याने मला कधी दाखवलाच नाही. बायकांना कोण सांगतो?"

आमच्याकडे त्या काळचं रजिस्टर आहे. नाईककाका नावाचे जुने कारकून ते लिहायचे. मी ते काढलं आणि पाच मिनिटांत मिटलं. आग्नेसबाईंचं आडनाव त्यांच्या आळीत निम्म्या घरांचं. नवऱ्याचं नावही तसंच, रॉबर्ट. रजिस्टरमध्ये त्या नावाच्या नोंदी पानोपानी. कागद कशाचा हे नाईककाका फक्त 'करार' किंवा 'लेख' एवढंच लिहायचे. आमची जुनी हार्डडिस्क एकदा गेली तेव्हा जुने सगळे मसुदे तिच्याबरोबर गेले. उरल्या त्या ऑफिस कॉपी, वर्षवार गठ्ठे बांधून माळ्यावर.

"वर्ष नक्की सांगा," मी म्हटलं. "गठ्ठे पंचवीस आहेत."

"कम्युनियनचं वर्ष." मग त्यांनी मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, कम्युनियन नाही, अंगणातला क्रूस नवीन बांधला ते वर्ष. क्रूस आणि कम्युनियन यांच्यात सहा वर्षांचं अंतर. दोघी आपल्या बोलीत बराच वेळ भांडल्या. मला अर्धंच कळलं, पण निकाल लागला नाही एवढं कळलं.

"कागदात त्या बावखलाचं काही वेगळं नाव होतं का?" मी विचारलं. अशा कागदांत गट नंबरबरोबर कधी कधी गावातलं नावही टाकतात, पुढे वाद नको म्हणून.

"असणारच. आमचं पेद्रूबाव. बाव म्हणजे विहीर. पणजाने आधी विहीर खणली, मग पाणी बघून बावखल केलं. त्याचं नाव पेद्रू."

मी ड्रॉवर उघडला. छापील यादी त्यातच होती. चाळत गेले. तेविसाव्या पानावर सापडला. Pedrubav, आणि त्यावर माझी सरळ, नीट मारलेली लाल रेघ.

आग्नेसबाईंनी मान पुढे केली. "हे काय? काटलं कोणी?"

"मी."

"शिकलेल्या बायका," त्या म्हणाल्या, "डंपर तरी शनिवारी येणार, तुम्ही आधीच बुजवलंत."

पण त्या काटलेल्या शब्दाने एक गोष्ट पक्की केली. कागद आमच्याकडेच झाला होता. तो शब्द यादीत नाहीतर कुठून आला असता?

आता प्रश्न होता वर्षाचा. आणि इथे माझी एक सवय कामाला आली, जिची साहेब दर वर्षी थट्टा करतात. दसऱ्याला आम्ही ऑफिसात कॉम्प्युटरला झेंडू घालतो, पूजा करतो, पेढे वाटतो. त्याच्या आदल्या दिवशी मी डिक्शनरीची फाईल कॉपी करून ठेवते. अगदी सुरुवातीला एकदा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला आणि वर्षभराचे सगळे शब्द पुसले गेले, तेव्हापासून. फाईल एखाद्या फोटोपेक्षाही लहान असते. आधी फ्लॉपी, मग सीडी, मग पेन ड्राईव्ह, जुन्या कॉपी नवीनवर घ्यायच्या. नावं मी साधी दिलीत: दसरा १, दसरा २, दसरा ३. साहेब म्हणतात, "सुनंदाताईंची आरती झाली का? मग नारळ फोडा."

शब्दांपुढे तारीख नसते, हे मघाशी सांगितलं. पण एका दसऱ्याच्या फाईलमध्ये शब्द नाही आणि पुढच्या दसऱ्याच्या फाईलमध्ये आहे, तर तो त्या दोन दसऱ्यांच्या मध्ये आला. याला हुशारी लागत नाही.

मी पेन ड्राईव्ह लावला. फाईल नोटपॅडमध्ये साधी उघडते. दसरा १२, आहे. दसरा ८, आहे. दसरा ५, नाही. दसरा ६, नाही. दसरा ७, आहे.

"कम्युनियनही नाही आणि क्रूसही नाही," मी म्हटलं. "मधलंच एक वर्ष."

"मुलीला सांगू नका," आग्नेसबाई म्हणाल्या.

गठ्ठे जानेवारी ते डिसेंबर बांधलेले, म्हणून दोन काढावे लागले. रेवा कोर्टातून आली होती. तिला मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने काळा कोट खुर्चीवर टाकला आणि शिडीवर चढली. एक गठ्ठा तिने घेतला, एक मी. धुळीने दोघी शिंकत होतो. ग्लेनला काय करावं कळेना, मग तो खाली उभा राहून गठ्ठे झेलायला लागला. स्वतःच्या विरुद्धचा कागद शोधायला मदत करणारा पक्षकार मी तो पहिलाच पाहिला.

तासाभराने रेवाला मिळाला. दोन पानांचा समजुतीचा लेख. बावखल कोणाच्याही हिश्शात गेलं तरी ते बुजवायचं नाही. पावसाआधी दोन्ही घरांनी मिळून गाळ काढायचा. पाणी पाळीने घ्यायचं. त्यात एकदा नव्हे, चार वेळा Pedrubav.

आणि दुसऱ्या पानाच्या तळाला, टाईप करणारी आपली आद्याक्षरं टाकते तिथे, माझी आद्याक्षरं.

रेवाने ती मला दाखवली. "ऑफिसात कोणालाच माहीत नाही म्हणून परवा कोणी काटला होता?"

"आधी सही बघ," मी म्हटलं.

सही नव्हतीच. ऑफिस कॉपीवर सह्या नसतात. आम्ही ठेवतो ती नुसती छापील प्रत, सह्यांची मूळ प्रत पक्षकार नेतात. ग्लेननेही ते पाहिलं.

"काकी, हे तर कोणीही टाईप करेल," तो म्हणाला. उर्मटपणे नाही, पण म्हणाला. "डॅडीची साइन कुठाय?"

मोगऱ्याच्या पुडीचा दोरा आग्नेसबाई बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

कागद उलटा केला तर मागे पेन्सिलीने नाईककाकांचं बारीक अक्षर. 'मूळ प्रत: आंतोन, उमेळे. दोघांच्या संमतीने.'

रजिस्टरमध्ये का सापडलं नाही, ते तेव्हा कळलं. नोंद आंतोनच्या नावावर होती, कारण कागद न्यायला तो आला होता. भावाभावांत कागद एकाकडे ठेवला तर दुसऱ्याला खटकणार. म्हणून दोघांनी तो तिसऱ्याकडे ठेवला. मग दोघेही गेले आणि जाताना हे घरी सांगायचं राहून गेलं. आग्नेसबाई जो कागद गादीखाली शोधत होत्या तो त्या घरात कधी आलाच नव्हता.

"आंतोन कोण?" रेवाने विचारलं.

ग्लेनने फोन खिशात ठेवला. "माझे गॉडफादर," तो म्हणाला. बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातावर घेतलं होतं.

आंतोनही आता नव्हते. पण उमेळ्याला त्यांची मुलगी लीना राहते. आग्नेसबाईंनी तिथूनच फोन लावला. लीनाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, पाकीट आहे, पण ते मी फोनवर उघडणार नाही आणि एकट्या तुम्हाला देणारही नाही. पाकिटावर पपांनी लिहून ठेवलंय, दोन्ही घरची माणसं एकत्र आल्याशिवाय देऊ नये.

खोलीत सगळ्यांनी ग्लेनकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर विषय संपला होता. शनिवारपर्यंत स्टे मिळवायचा म्हटलं, तरी हातात होती ती बिनसहीची प्रत. रेवा काहीतरी कायद्याचं सांगायला निघाली होती. मी तिच्या पायावर पाय ठेवला.

"काकी, तू उद्या किती वाजता मोकळी होतेस?" ग्लेनने विचारलं.

"कळ्या बाजारात गेल्या की."

"म्हणजे सातला. येतो."

शुक्रवारी साहेबांनी मला ऑफिस कॉपी घेऊन बरोबर पाठवलं, ताडून बघायला. उमेळ्याला आंतोनची वाडी होती तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे आणि दुसऱ्या मजल्यावर लीना. शिक्षिका आहे, शाळेला निघायच्या घाईत होती. तिने दोघांना समोर बसवलं, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि आतून पाकीट काढलं. लाखेचं सील आणि आमच्या ऑफिसचा शिक्का.

"दोघं आलात ना?" ती म्हणाली. "मग दोघांनीच उघडा. मी नाही हात लावणार."

ग्लेनने एका बाजूने धरलं, आग्नेसबाईंनी दुसऱ्या. सील मोडलं. मी माझी प्रत शेजारी ठेवली आणि ओळ ओळ ताडली. शब्दाचाही फरक नव्हता. शेवटी दोन सह्या, एका साक्षीदाराची आणि नोटरीचा शिक्का.

ग्लेनने दुसरं पान बराच वेळ धरलं. त्याच्या वडलांची सही मराठीत होती. "ऑफिसात इंग्लिश करायचे," तो म्हणाला. मग गॅलरीत गेला. काचेतून ऐकू येत होतं. "हां भाई, कल का कॅन्सल. नहीं, पैसे का बाद में देखते. नहीं भाई, मिट्टी नहीं चाहिए. बिलकुल नहीं चाहिए."

आत आल्यावर तो आग्नेसबाईंना म्हणाला, "आणि गाळ कोण काढणार? यात लिहिलंय दोन्ही घरांनी."

"तू. मी साठीची आहे."

"लिहिलंय दोन्ही घरांनी."

"मग चहा माझ्या घरून," आग्नेसबाई म्हणाल्या.

घर त्याने मागच्या बाजूला सरकवलं. त्यात दोन नारळ गेले, त्याबद्दल आग्नेसबाई अजून बोलून दाखवतात. जुन्या लेखाची कायद्यात किती किंमत होती, हा वकिलांचा प्रश्न आहे, आणि साहेबांचं मत फार उत्साहाचं नव्हतं. म्हणून त्यांनी नवीन करार करायला लावला, रीतसर नोंदणी केलेला. मूळ प्रती दोन, प्रत्येक घरात एक, आणि दोन्ही घरांतल्या बायकांच्या सह्या त्यावर आहेत. ती अट आग्नेसबाईंची होती.

तो करार रेवाने नवीन कॉम्प्युटरवर स्वतः टाईप केला. Pedrubav लिहिल्याबरोबर खाली लाल रेघ आली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, add करू का? तुम्हाला माहीत आहे ना हा शब्द?"

"कर," मी म्हटलं, "आणि पुढचं टाईप कर."

यातून आम्ही नियम बदलला. चुकलेला शब्द अजूनही यादीत राहू देत नाही, 'agreement' प्रकरण मी विसरलेले नाही. पण चुकलेला शब्द वेगळा आणि आपल्याला माहीत नसलेला वेगळा. त्या मंगळवारी आम्ही दोघांना एकाच लाल पेनाने काटलं होतं. कॉम्प्युटरमध्ये एकापेक्षा जास्त कस्टम डिक्शनरी ठेवता येतात, हे फार लोकांना माहीत नसतं. काटलेल्या दोनशेंतले खरोखर चुकलेले चाळीसेक काढून टाकले. बाकीच्यांची मी वेगळी फाईल केली. तिचं नाव 'माहीत नाही'. ती दसऱ्याला बाकीच्यांबरोबर कॉपी होते. यादी छापून पक्षकारांच्या बाकाशेजारी लावली आहे. तारखेची वाट बघत बसलेली माणसं दुसरं काय करणार, ती वाचतात. आजवर अकरा शब्द ओळखले गेले. दोन शेतं, एक आळी, एक बुजलेली विहीर आणि सात माणसं, त्यांतली पाच एकाच घरातली.

उरलेले तसेच आहेत. त्यांचं कोणी येईपर्यंत राहतील.